ओसरीच्या जोत्याला पापुद्रे सुटत आहेत: वालुकाश्माविषयी माहिती हवी आहे

कन्हानकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. कामठीजवळच्या आमच्या गावी आजोबांनी बांधलेले घर आहे. त्याचे जोते, ओसरीच्या पायऱ्या आणि लाकडी खांबांखालचे तळखडे त्याच परिसरात निघणाऱ्या पिवळसर-तांबूस वालुकाश्माचे आहेत. माझ्या लहानपणापासून या दगडांच्या कडा झिजून गोलसर झालेल्या मी पाहत आलो आहे, परंतु ते कधी फुटले नव्हते. तीन वर्षांपूर्वी डागडुजी करताना गवंड्याने सांध्यांतला जुना चुना खरवडून काढला आणि सगळ्या दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, सिमेंटने भरल्या. त्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यापासून दगडांच्या दर्शनी बाजूचे पापुद्रे सुटू लागले. आता हात फिरवला तर तळहातावर वाळूचे दाणे येतात, आणि उन्हाळ्यात दर्जांच्या कडेने पांढरा लोणा, म्हणजे क्षारांचा थर, फुलतो. सिमेंटच्या दर्जा जशाच्या तशा आहेत, त्यांच्यामधला दगड मात्र बोटाच्या पेराएवढा आत गेला आहे, त्यामुळे भिंतीवर चौकटी उभ्या राहिल्यासारख्या दिसतात.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. पायरीच्या डावीकडे शेजारी शेजारी बसवलेले दोन दगड रंगाने आणि पोताने अगदी सारखे आहेत. त्यांपैकी ज्याच्यावरच्या बारीक रेषा आडव्या आहेत तो जवळजवळ धड आहे. ज्याच्यावरच्या रेषा उभ्या आहेत त्याचे मात्र चिरोट्याच्या पदरांसारखे पदर सुटत आहेत. हा दगड मुळात कसा तयार होतो, त्याचे बळ कशात असते आणि आता काय करावे, हे जाणकारांनी सविस्तर सांगितले तर उपकार होतील. घर पाडायचे नाही, हे आमच्या घरात सगळ्यांचे ठरले आहे.

भूरचना

आपण दोन दगडांतला जो फरक टिपला आहे, त्यातच आपल्या निम्म्या प्रश्नाचे उत्तर आहे. मात्र त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

वालुकाश्म म्हणजे ०.०६२५ मिमी ते २ मिमी आकाराच्या कणांचा गाळ घट्ट होऊन बनलेला खडक. त्याहून बारीक कणांचा झाला तर पंकाश्म किंवा शेल, आणि मोठ्या गोट्यांचा झाला तर पिंडाश्म. वाळूच्या कणांत बहुतेक वेळा क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी, सर्वांत जास्त असते. ग्रॅनाइटासारखा खडक उन्हापावसात कुजतो, तेव्हा त्यातल्या फेल्स्पार या खनिजाची हळूहळू माती होते. क्वार्ट्झ मात्र रासायनिक दृष्ट्या फारसे बदलत नाही आणि कठीणपणाच्या एक ते दहा अंकांच्या मोजपट्टीवर ७ या अंकावर असल्यामुळे सहज झिजतही नाही. नदीने किंवा वाऱ्याने वाहून नेताना दुबळे कण गळत जातात आणि क्वार्ट्झ शिल्लक राहते. म्हणूनच ज्या वालुकाश्मात फेल्स्पारचे कण भरपूर आहेत, तो मूळ खडकापासून फार लांबचा प्रवास न करता लवकर गाडला गेला असावा, असा अंदाज बांधता येतो.

वाळू साचली म्हणजे खडक झाला असे नाही. तिच्यावर शेकडो मीटर जाडीचा गाळ चढावा लागतो, कण एकमेकांत दाटून बसावे लागतात, आणि कणांमधल्या पोकळ्यांतून झिरपणाऱ्या पाण्याने बरोबर आणलेले पदार्थ तिथे साचावे लागतात. हे बंधक द्रव्य चार प्रकारचे असू शकते: सिलिका (क्वार्ट्झ ज्याचे बनते तेच द्रव्य), कॅल्साइट (चुनखडकातले खनिज), लोहाची ऑक्साइडे किंवा चिकणमाती. दगडाचा स्वभाव याच्यावरच ठरतो. सिलिकेने बांधलेला वालुकाश्म अतिशय टिकाऊ असतो. कॅल्साइटाने बांधलेला सुरुवातीला मजबूत वाटतो, पण आम्लाने विरघळतो. चिकणमातीने बांधलेला ओला झाला की फुगतो आणि सैल पडतो. रंगही बहुधा बंधक द्रव्याचाच असतो. हेमॅटाइट या लोहाच्या ऑक्साइडाचे पातळ लेप कणांवर असले की लाल, पाणी धरून ठेवणारी लोहसंयुगे असली की पिवळा किंवा तपकिरी. कण स्वतः अनेकदा जवळजवळ बिनरंगी असतात. मथुरेच्या कुषाणकालीन मूर्तींच्या लाल दगडावर फिकट ठिपके दिसतात. दगडात ज्या जागी लोह निघून गेले, त्या जागी तसे ठिपके उमटतात.

हे घरी पाहायचे असेल तर सुरीचे टोक दगडावर दाबून ओढा. नरम वालुकाश्मावर चर पडेल आणि दाणे निघतील, पण भिंगाखाली पाहिले तर त्या दाण्यांवर ओरखडा नसेल. सुरीने तुटले ते दोन दाण्यांमधले बंधन. हाच खडक जमिनीच्या पोटात उष्णतेने आणि दाबाने पालटून क्वार्टझाइट झाला, तर कण एकमेकांत असे गुंततात की घाव बसल्यावर भेग कणांना वळसा न घालता थेट त्यांच्यातून जाते.

आता आपल्या गावाविषयी. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्टाने, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या खडकाने, झाकलेला असला, तरी कामठीपासून वर्धा आणि प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यापर्यंत गोंडवन काळातले गाळाचे खडक उघडे पडलेले आहेत. भूविज्ञानात एका संपूर्ण शैलसमूहाला आपल्या कामठीचेच नाव आहे. हे थर साधारण २५ कोटी वर्षांपूर्वीच्या नद्यांनी आणि त्यांच्या पूरमैदानांनी रचले. त्यांच्याखाली बराकर थर आहेत आणि विदर्भातला दगडी कोळसा त्यांतच सापडतो. नागपुरात राहिलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकात या भागातून ग्लॉसोप्टेरिस वनस्पतीच्या पानांचे जीवाश्म गोळा केले होते. आपल्या जोत्यावरच्या रेषा म्हणजे त्या नद्यांच्या तळाशी एकावर एक बसलेल्या वाळूच्या खेपा आहेत. मला व्यक्तिशः हे फार मोठे वाटते की एखाद्या घराच्या पायरीवर कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या पुराची खूण सहज वाचता येते.

बोरीबंदर

माहितीपूर्ण प्रतिसाद. मुंबईतल्या जुन्या इमारतींचा पिवळा दगड हाही वालुकाश्मच आहे ना? गेटवे ऑफ इंडियाचा दगड वालुकाश्म असल्याचे मी अनेकदा वाचले आहे.

भूरचना

तो गैरसमज फार पसरलेला आहे. गेटवेचा पिवळा दगड खारोडीचा बेसाल्ट आहे. मालाडचा म्हणून ओळखला जाणारा पिवळसर दगड ट्रॅकाइट आहे. म्हणजे हे दोन्ही ज्वालामुखीतून आलेले अग्निजन्य खडक. पोरबंदरचा दगड गाळाचा खरा, पण तो चुनखडक आहे. रंगावरून दगड ओळखायला गेले की अशी फसगत होते. भिंगातून वाळूचे सुटे सुटे दाणे दिसतात का ते पाहावे, आणि न लागणाऱ्या एखाद्या तुकड्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाकावा. चुनखडक सगळा फसफसतो. वालुकाश्म कॅल्साइटाने बांधलेला असेल तर तो दाण्यांच्या मधल्या फटींत फसफसतो, एरवी थेंब नुसता शोषला जातो. डोळ्यांना चष्मा आणि हातांत मोजे असल्याशिवाय हा प्रयोग करू नये.

मलप्रभा

थरांचा विषय निघाला आहे, म्हणून बदामीचा उल्लेख करावासा वाटतो. माझे माहेर बेळगावचे, त्यामुळे बदामी, ऐहोळे आणि पट्टदकल येथे अनेकदा जाणे झाले. बदामीच्या तांबड्या कड्यात चालुक्यांनी लेणी कोरली. तिसऱ्या लेण्यात चालुक्य राजा मंगलेशाचा इ.स. ५७८ चा शिलालेख आहे, त्यामुळे त्या लेण्याचा काळ नेमका सांगता येतो. अजिंठा-वेरूळची लेणी बेसाल्टात आहेत, बदामीची वालुकाश्मात, आणि हा फरक तिथे उभे राहिल्यावर डोळ्यांना जाणवतो. बदामीच्या खांबांवरून आणि मूर्तींच्या अंगावरून फिकट व गडद पट्टे वाहत गेलेले दिसतात. ते रंगवलेले नाहीत, ते वाळूचे थर आहेत. काही ठिकाणी मुख्य आडव्या थरांच्या आत तिरप्या रेषांचे जुडगे दिसते आणि वरच्या थराने ते सपाट कापलेले असते. हे तिरपे थर कसे होतात, याचा खुलासा कराल का?

एक निरीक्षण मात्र माझेच आहे. शिल्पकारांनी जिथे मुकुटाचे, दागिन्यांचे बारीक काम केले आहे, तिथला दगड बारीक आणि सारख्या कणांचा वाटतो, आणि जिथे मधूनच खडे दिसतात तिथे काम ढोबळ ठेवलेले दिसते. ते दगड हाताने चाचपून निवडत असावेत, असे मला वाटत राहते.

भूरचना

ताई, प्रवाहाने किंवा वाऱ्याने ढकललेली वाळू लहान-मोठ्या उंचवट्यांच्या रूपाने पुढे सरकते. पाठीवरून चढलेले कण माथ्यावरून पुढच्या उतारावर घसरतात आणि तिथे तिरपा थर बसतो. त्या थरांचा उतार ज्या दिशेला, त्या दिशेला प्रवाह वाहत होता. पुढे दुसरी लाट आली की ती पहिलीचा माथा कापून टाकते, म्हणून आपल्याला वरची बाजू छाटलेली दिसते. उलथ्यापालथ्या झालेल्या डोंगरांत मूळची वरची बाजू कोणती, हे भूवैज्ञानिक या छाटलेल्या माथ्यांवरूनच ओळखतात. गोकाकचा धबधबा ज्या कड्यावरून पडतो, तो कडाही बदामीप्रमाणे कलादगी नावाच्या खडकसमूहातल्याच कठीण वालुकाश्माचा आहे.

चुनेगच्ची

मी जुन्या इमारतींच्या जतनाचे काम करतो, त्यामुळे मूळ प्रश्नाकडे वळतो. कन्हानकाठ साहेब, आपल्या जोत्याला दोन वेगवेगळी दुखणी एकाच वेळी जडली आहेत.

पहिले दुखणे बांधणाऱ्याच्या हातून झालेले आहे. वालुकाश्म खाणीत ज्या बैठकीत पडलेला असतो, म्हणजे थर आडवे, त्याच बैठकीत तो भिंतीत बसवावा, हा पाथरवटांचा जुना दंडक आहे. तसा बसवला की वरचा भार थरांना एकमेकांवर दाबून धरतो. थर उभे आणि दर्शनी बाजूला समांतर ठेवले, तर पुढच्या पदराला धरून ठेवणारे काहीच राहत नाही. पाणी पदरांच्या मध्ये शिरते आणि एकेक पदर सुटतो. तरीही चुन्याच्या दर्जा होत्या तोवर त्या दगडाने इतकी वर्षे निभावून नेले, हे ध्यानात घ्या.

दुसरे दुखणे सिमेंटचे. वालुकाश्म सच्छिद्र असतो. त्याच्या आकारमानाचा पाच ते पंचवीस टक्के भाग पोकळ्यांचा असणे नवलाचे नाही. जमिनीतला ओलावा त्या पोकळ्यांतून वर चढतो आणि कुठून तरी बाहेर पडू पाहतो. चुन्याचा सांधा दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र असल्यामुळे तो ओलावा सांध्यातून उडून जातो, बरोबरचे क्षार सांध्यातच साचतात, सांधा झिजतो आणि वीस-तीस वर्षांनी तो पुन्हा भरला की काम भागते. म्हणजे सांधा स्वतः झिजून दगडाला वाचवतो. आपल्या गवंड्याने तिथे दगडापेक्षा कठीण आणि घट्ट सिमेंट भरले. आता ओलाव्याला बाहेर पडायला दगडाखेरीज वाट उरली नाही. पाणी दगडाच्या पृष्ठभागालगत सुकते, क्षारांचे स्फटिक पोकळ्यांमध्ये वाढतात आणि त्यांच्या दाबाने कण एकमेकांपासून सुटतात. शिवाय सिमेंट स्वतःबरोबर सोडियम-पोटॅशियमचे आणखी क्षार आणते. आपण पाहिलेली चौकट अशी तयार होते, आणि मी ती देवळांच्या ओट्यांवर, घाटांच्या पायऱ्यांवर, जुन्या वाड्यांच्या जोत्यांवर इतक्या वेळा पाहिली आहे की आता लांबूनही ओळखू येते. हे पाहून प्रत्येक वेळी वाईट वाटते, कारण हे नुकसान पैसे खर्चून केलेले असते.

उपाय सांगतो. सिमेंट यंत्राने फोडू नका. दगडाच्या कडा त्याच्याबरोबर जातील. छिन्नी आणि हलकी हातोडी घेऊन, सांध्याच्या मधोमध चर पाडून, दोन्ही बाजूंनी सावकाश काढायला लावा. त्यानंतर चांगला विरवलेला चुना आणि चाळलेली वाळू साधारण एकास तीन या प्रमाणात घेऊन दर्जा भरा, त्या दगडाच्या पृष्ठापेक्षा किंचित आत ठेवा आणि काही दिवस ओल्या गोणपाटाने झाका. लोणा असेल तो कोरड्या मऊ ब्रशने झाडून गोळा करा. पाण्याने धुतला तर तो पुन्हा दगडातच मुरतो. जिथे क्षार फार असतील तिथे कागदाचा लगदा शुद्ध पाण्यात भिजवून दगडावर थापायचा आणि सुकल्यावर काढून टाकायचा. असे दोन-चारदा केले की बरेचसे क्षार त्या लगद्यात ओढले जातात.

दगडावर चकाकी आणणारे किंवा पाणी अडवणारे कोणतेही लेप लावू नका. आत ओलावा येत असताना वरून तोंड बंद केले, तर पापुद्रा आणखी जाड सुटतो. आम्लाने साफसफाई करून देणारे लोक भेटतील, त्यांनाही दूरच ठेवा. कॅल्साइटाचे बंधन आम्लाने विरघळते आणि लोहाचे डाग कायमचे पसरतात.

आणि एक विचारायचे राहिले. त्याच डागडुजीत अंगणात काँक्रीट केले होते का?

सूर्यनगरी

मी गेली अनेक वर्षे जोधपूरला राहतो. इथे वालुकाश्माच्या लांब पट्ट्या एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर टाकून घरांची छते करतात आणि अनेक जुन्या घरांत लाकडाची तुळई सापडत नाही. उमेदभवन राजवाडा (१९२९ ते १९४३) याच भागातल्या दगडाचा आहे. ज्या थरांमुळे आपल्या जोत्याचे पदर सुटत आहेत, त्या थरांमुळेच इथे खाणीत पाचर मारली की सरळ, सारख्या जाडीच्या फरश्या निघतात. फत्तेपूर सिक्रीला, जिचे बांधकाम १५७१ च्या सुमारास सुरू झाले, दगडाच्या तुळया, दगडाचे तिरपे टेकू आणि दगडाचेच छज्जे पाहून सुताराचे काम पाथरवटाने केल्यासारखे वाटते. दिल्लीचा लाल किल्ला (१६३९ ते १६४८) आणि राष्ट्रपती भवन यांचा लाल व मलईरंगी दगड विंध्य समूहातला आहे. अशोकाचे स्तंभ उत्तर प्रदेशातल्या चुनारच्या वालुकाश्माचे आहेत, एकेक अखंड, बारा-पंधरा मीटर उंचीचे, आणि त्यांच्यावरची झिलई सव्वादोन हजार वर्षांनंतरही हाताला काचेसारखी लागते. इतका घट्ट, सारख्या कणांचा, थरांच्या फटी नसलेला दगड शोधून काढणे हेच त्यांच्या कौशल्याचे अर्धे काम असले पाहिजे.

परंतु या दगडाविषयी बोलताना तो फोडणाऱ्या माणसांविषयी बोलले पाहिजे. क्वार्ट्झची बारीक धूळ फुप्फुसात गेली की ती बाहेर पडत नाही, तिथे व्रण होत जातात आणि सिलिकोसिस होतो. त्यावर बरे करणारा उपचार नाही. जोधपूर, करौली आणि धौलपूर भागांतल्या खाणकामगारांत हा आजार इतका आहे की राजस्थान सरकारला २०१९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरण आणावे लागले. आमच्या वस्तीत नक्षीकाम करणारा एक कारागीर चाळिशीतच दोन जिने चढताना मध्ये बसू लागला होता. त्याच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर सतत गुलाबी धूळ असे. पाणी सोडत भोक पाडणे, पाणी मारत कापणे, यंत्राजवळच धूळ ओढून घेणे, हे उपाय माहीत असलेले आहेत आणि परवडणारेही आहेत. म्हणून कन्हानकाठ साहेब, आपल्याकडे काम करणाऱ्यांनी दगड कोरडा घासू नये, आधी ओला करावा, आणि नाकातोंडावर नुसता रुमाल न बांधता बारीक धूळ अडवणारा मास्क लावावा, एवढी काळजी आपण घ्याच.

विहीरखोल

आमच्या चंद्रपूर भागात कामठी वालुकाश्म म्हटला की आधी पाणी आठवते. बेसाल्टात पाणी भेगांत आणि कुजलेल्या भागात असते, त्यामुळे एका बोअरला लागते आणि शेजारच्या बोअरला लागत नाही. वालुकाश्मात ते कणांच्या मधल्या पोकळ्यांतच साठलेले असते, म्हणून त्याचा भरवसा अधिक. चुनेगच्ची यांनी सांगितलेली जी सच्छिद्रता जोत्याला बाधली, तीच विहिरीला तारते. पेट्रोलियमही जगात अनेक ठिकाणी अशाच वालुकाश्मांत साठलेले असते. कोळशाच्या खाणी खोल गेल्या की थरांतले पाणी उपसावे लागते, आणि मग आजूबाजूच्या विहिरींची पातळी उतरते, ही आमच्याकडची जुनी तक्रार आहे.

कन्हानकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पावसाळा संपेपर्यंत मुद्दाम थांबलो होतो, म्हणून उत्तराला उशीर झाला.

चुनेगच्ची साहेब, आपला अंदाज बरोबर निघाला. त्याच डागडुजीत अंगणात जोत्याला भिडवून काँक्रीट केले होते. पूर्वी तिथे शेणाने सारवलेली मातीची जमीन होती आणि पावळ्यांचे पाणी तिच्यात मुरत असे. फाल्गुनात आम्ही पूर्वेच्या बाजूचे काँक्रीट जोत्यापासून दीड फूट तोडून काढले, तिथे चर खणून खडी भरली आणि त्याच बाजूच्या दर्जा आपण सांगितल्याप्रमाणे चुन्याच्या केल्या. पश्चिमेची बाजू तुलना करण्यासाठी होती तशी ठेवली. आम्लाचा थेंब जुन्या चुन्यावर फसफसला, दगडावर टाकला तर नुसता जिरला. भिंगातून दाण्यांच्या मध्ये तपकिरी लेप आणि पांढुरकी माती दिसते, म्हणजे आमचा दगड लोहाने आणि चिकणमातीने बांधलेला असावा. भूरचना साहेबांनी हे तपासून पाहावे, अशी विनंती आहे.

पावसाळ्यानंतर दोन्ही बाजूंना खाली जुने वर्तमानपत्र पसरून, मऊ ब्रशने सारख्याच लांबीचा भाग झाडला. पश्चिमेला ओंजळभर वाळू निघाली. पूर्वेला चिमूटभर निघाली, आणि लोणा दगडावर न दिसता नव्या चुन्यावर दिसतो.

जोत्यातले उभ्या थरांचे एकूण दोन दगड मात्र आता वाचणार नाहीत. मागच्या पडक्या गोठ्याच्या जोत्यात त्याच खाणीचे, त्याच रंगाचे सात दगड धड निघाले आहेत. गावातल्या एका वृद्ध पाथरवटांना ते दाखवले. त्यांनी प्रत्येक दगड पाण्याने ओला केला, सुकत आल्यावर उमटणाऱ्या रेषा बोटाने चाचपल्या आणि वरची बाजू कोणती हे गेरूच्या बाणाने दगडावर लिहून ठेवले. दिवाळीनंतर ते बसवायचे आहेत.